‘अगंबाई!’ म्हणजे नक्की कोणती बाई?

लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, नाहीतर झोप येत नाही म्हणून फोन उशीशी ठेवून ऐकत असाल, तुमचं सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी इथे वाचताहेत, त्यांचंही.

आजचा भाग एका शब्दावर आहे. एकच शब्द. तुमच्या आजीच्या तोंडी असलेला, आईच्या तोंडी अधूनमधून येणारा, आणि तुमच्या तोंडी बहुतेक फक्त चेष्टेत येणारा.

अगंबाई!

आता तुम्ही म्हणाल, ह्यावर काय आख्खा भाग करायचा? आश्चर्य वाटलं की म्हणायचा शब्द, संपलं. पण जरा थांबा. मी तुम्हाला साधा प्रश्न विचारतो. ‘अगंबाई’ मधली ही बाई कोण? आपण नक्की कुणाला हाक मारतोय?

हा प्रश्न डोक्यात शिरला ना, की शब्द सरळ ऐकूच येत नाही. म्हणून म्हटलं, एकट्यानं कशाला त्रास घ्यायचा, तुम्हालाही देतो.

आधी शब्द सुटा करू. ‘अगं’ आणि ‘बाई’. ‘अगं’ ही हाक आहे. मराठीत कुणाला हाक मारतोय त्याप्रमाणे हाक बदलते. मुलगा, मित्र, धाकटा भाऊ असेल तर ‘अरे’. मुलगी, मैत्रीण, बहीण, आई असेल तर ‘अगं’. मान द्यायचा असेल तर ‘अहो’. परक्या भाषेतून मराठी शिकायला आलेला माणूस इथे हमखास अडखळतो, कारण नुसतं हाक मारण्याआधीच समोरचा कोण आहे, तो आपला कोण लागतो, हे ठरवावं लागतं.

आणि ‘बाई’ म्हणजे बाई. स्त्री. त्यात काही गूढ नाही.

म्हणजे ‘अगं बाई’ ही सरळसरळ एका बाईला मारलेली हाक आहे. पण गंमत बघा. माझी आजी आजोबांना म्हणायची, “अगंबाई, तुम्ही दूध उतू घालवलंत!” वाक्यात ‘तुम्ही’ आहे, ‘घालवलंत’ आहे, म्हणजे आजोबांना पूर्ण मान आहे. आणि तरी सुरुवात ‘अगं’ ने! आजोबांना काही ती ‘अगं’ म्हणत नव्हती. स्वयंपाकघरात तिसरं कुणी नव्हतं. मग ही हाक गेली कुणाकडे?

ह्याचं उत्तर शोधायला आपल्या भाषेतले बाकीचे उद्गार बघू. ठेच लागली की ‘आई गं!’ साप दिसला की ‘बापरे!’ (ह्यावरचा आई-बापाचा तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर किमान तीनदा येऊन गेला असेल, म्हणून तो मी सांगत नाही.) निकाल वाईट लागला की ‘अरे देवा!’ दुखलं, भ्यायलो, हरलो, प्रत्येक वेळी आपण कुणाला तरी बोलावतो. आईला, बापाला, देवाला. ही माणसं जवळ असतातच असं नाही, पण हाक मारायची ती मारतोच.

ह्या रांगेत ‘अगंबाई’ वेगळी कशी दिसते बघा. आई, बाप, देव हे सगळे आपल्यापेक्षा मोठे. संकटात धावून येणारे. पण ‘बाई’ मोठी नाही. ती बरोबरीची आहे. शेजारीण, मैत्रीण, जाऊ, नणंद. तिला वाचवायला बोलावलेलं नाही. तिला फक्त दाखवायचंय. “अगं बाई, हे बघितलंस का?” एवढंच. म्हणजे माझ्या मते हा मूळचा एका बाईनं दुसऱ्या बाईला साक्षीला बोलावण्याचा शब्द आहे. पुढे दुसरी बाई समोर असो नसो, शब्द तेवढा राहिला. दूध उतू गेलं तेव्हा आजी आजोबांशी बोलत होती, पण आश्चर्य मात्र ती कुठल्यातरी न दिसणाऱ्या मैत्रिणीला सांगत होती.

हे मी उगाच जोडत नाहीये. जरा मागे जाऊ. चांगलं साडेसातशे वर्षं मागे.

तेराव्या शतकातला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तुम्ही अभ्यासक्रमात नावापुरता वाचला असेल. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसांना भेटून, विचारून गोळा केल्या. मराठी गद्यातला हा अगदी सुरुवातीचा मोठा ग्रंथ. त्याचं मोठेपण धर्मापुरतं नाही. त्यात माणसं बोलतात. खरंखुरं, घरातलं बोलतात. आणि त्यात बायका भरपूर आहेत. स्वामींची काळजी घेणारी बाइसा आहे, शंभर प्रश्न विचारणारी महदाइसा आहे. स्वामी ह्या बायकांशी बोलताना हाक मारतात ती ‘बाइ’ अशी. म्हणजे ‘बाई’ ही नुसती ‘स्त्री’ ह्या अर्थाची संज्ञा नाही, ती तोंडावर मारायची, मायेची आणि मानाची हाक आहे, आणि ती निदान साडेसातशे वर्षं जुनी आहे.

‘अगं’ मधल्या ‘गं’ चं पण तसंच. जुन्या मराठीत त्याचं रूप ‘गे’. संतांच्या गवळणी आणि विरहिणी काढून बघा, ‘गे’ जागोजागी सापडेल. त्या रचना पुरुष संतांनी लिहिल्या, पण आवाज घेतला तो बाईचा, आणि ऐकणारी धरली तीही बाईच. सखी सखीला सांगतेय, असा तो सगळा घाट.

आणि बायकांनी स्वतः रचलेलं साहित्य? ते जात्यावर. पहाटे उठून दळताना म्हटलेल्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ ह्या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्यातल्या कितीतरी ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर, म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात, फुकट ऐकता येतात. हा भाग संपला की एखादी लावून बघा. तुम्हाला लक्षात येईल की ओळीत मध्येच ‘बाई’ येते, ‘गं’ येतो, ‘सये’ येतं. अर्थाला त्याची तशी गरज नसते. चाल भरून काढायला तो शब्द घातलेला असतो. पण चाल भरायला शब्द कुठला निवडला? तर शेजारी बसून जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावणाऱ्या बाईचा. जातं ओढायला दोघी असल्या की काम हलकं होतं. आणि एकटी दळत असली तरी ओवीत ती दुसरी असतेच.

माझ्या आजीच्या दुधाची गोष्ट इथे येऊन जुळते.

बरं, आणखी एक मजा. ह्या सगळ्या जुन्या हस्तलिखितांत एक गोष्ट नाही. उद्गारचिन्ह! ते खाली टिंब आणि वर काठी असलेलं चिन्ह, जे आपण आता एका मेसेजमध्ये सहा-सात टाकतो, ते आपल्याकडे छापखान्याबरोबर आलं. मराठीत विरामचिन्हांची पद्धत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी ह्या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात होता तोच हा कँडी. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. त्याच्या आधी लिहिलेलं वाचताना ‘इथे आश्चर्य आहे’ हे कळायचं कसं? शब्दावरून. ‘अगं’, ‘अरे’, ‘बापरे’ हे शब्दच उद्गारचिन्हाचं काम करायचे.

आता महाराष्ट्रात फिरून येऊ, कारण ‘अगंबाई’ हा पुण्या-मुंबईकडचा तोंडवळा झाला. हीच बाई गावोगाव वेगळी नेसते. तळकोकणात ‘अगो बाय!’ तिथे ‘बाय’ म्हणजे लाडकी लेक, पोर. गोव्यातही लहान मुलीला लाडानं ‘बाय’ म्हणतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे जा, ‘आगं बया!’ किंवा नुसतंच ‘बया!’ तुम्हाला ‘बया’ जुनाट वाटत असेल तर आठवा, २०१६ च्या ‘सैराट’ मधलं श्रेया घोषालनं गायलेलं गाणं. त्याच्या नावातच ‘बया’ आहे आणि ते तुमच्यापैकी निम्म्यांच्या प्लेलिस्टमध्ये अजून आहे. विदर्भात ‘अगं’ च्या जागी ‘अवं’ येतं, आणि बाईच्या जागी ‘माय’. ‘अवं माय!’ म्हणजे तिकडे मैत्रिणीऐवजी आईलाच बोलावणं. प्रत्येक ठिकाणी हाक बाईलाच, फक्त नातं बदलतं.

आता येऊ व्याकरणाकडे. तुमच्यातले जे स्पर्धा परीक्षा देताहेत त्यांनी कान टवकारा. शब्दांच्या आठ जाती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, आणि सगळ्यात शेवटी, बाकावरच्या शेवटच्या पोरासारखं, केवलप्रयोगी अव्यय. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. तेव्हापासून आजच्या गाईडपर्यंत आपण ह्या उद्गारांची भावनेप्रमाणे वाटणी करत आलोय. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, तिरस्कारदर्शक, असे डबे. ‘अबब’, ‘अरेच्चा’, ‘बापरे’ आश्चर्याच्या डब्यात.

पण एक प्रश्न ह्या डब्यांत बसत नाही. भावना कुठली ते सांगितलं, पण बोलतंय कोण? ‘अबब’ कुणीही म्हणावं. ‘बापरे’ कुणीही म्हणावं. ‘अरेच्चा’ बाईनं म्हटलं तरी कुणी वळून बघत नाही. ‘अगंबाई’ मात्र बाईनंच म्हणायचं. ‘अय्या’ आणि ‘इश्श’ ह्या तिच्या दोघी बहिणी, त्यांचंही तेच. हा नियम कुठल्या पुस्तकात शिकावा लागत नाही, आणि तरी सगळ्यांना पाठ असतो.

मला तो कसा पाठ झाला ते सांगतो. मी वाढलो तो बायकांच्या घरात. आई, आजी, दोन मावश्या. घरात आश्चर्याचा शब्द एकच होता आणि तो माझ्याही तोंडात बसला. सातवीत असताना शाळेच्या मैदानावर एका मुलानं सिक्सर मारला, बॉल भिंतीपलीकडे गेला आणि काच फुटल्याचा आवाज आला. मी जोरात म्हणालो, “अगंबाई!” काच फुटल्याचं सगळे विसरले. त्यानंतर दहावीपर्यंत वर्गात माझं नाव ‘बाई’ होतं. हजेरी घेताना एकदा एक सरही हसत हसत तेच म्हणाले. मी तो शब्द सोडला. ठरवून सोडला. आरशासमोर उभं राहून ‘आयला’ म्हणायची प्रॅक्टिस केली, हे खरं सांगतो.

आता हे बघा. ‘आयला’ म्हणजे मूळचं ‘आईला’. आईवरून दिलेल्या शिवीचं शेपूट कापून उरलेला तुकडा. ‘च्यायला’ तेच. म्हणजे पोरानं आईचं नाव शिवीतून घेतलं तर तो मर्द, आणि मैत्रिणीला मारायची हाक मारली तर तो बायकी. सातवीत मला हे असं मांडता आलं नसतं. आज येतं, पण ‘आयला’ अजून आपोआप तोंडात येतं आणि ‘अगंबाई’ म्हणताना जीभ अजून एक क्षण थांबते. सवय अशी एका वाक्यानं जात नाही.

पण थांबा, ह्यात इतिहासानं एक चिमटा काढून ठेवलाय. ज्या शब्दावरून मला चिडवलं, तसे बायकांचे शब्द महाराष्ट्राच्या रंगमंचावर कित्येक पिढ्या पुरुषांनीच उच्चारलेत!

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून मराठी नाटकात बायकांची कामं पुरुष करायचे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके ह्या पुरुषानं केलं. तो मूकपट, त्यामुळे निदान आवाजाचा प्रश्न नव्हता. नाटकात होता. आणि बालगंधर्वांनी तो असा सोडवला की घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायला, त्यांच्यासारखी वेणी घालायला लागल्या. म्हणजे बाईनं कसं लाजावं, कसं चकित व्हावं, हे एक पुरुष दाखवत होता आणि प्रेक्षक माना डोलावत होते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरचं ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक ह्यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि हळूहळू हे शब्द रंगमंचावर खऱ्या बायकांकडे परत आले.

तमाशात गोष्ट आणखी वेगळी. गवळणीत ती ‘मावशी’ असते बघा, गौळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली. ती मावशी म्हणजे पुरुष. कधीकधी मिशीसकट! डोक्यावर पदर घ्यायचा, कंबरेवर हात ठेवायचा आणि अगंबाई म्हणत कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालायची. लोक खळखळून हसतात. आणि तिथेच नाच्या असतो. पूर्वी बायका फडावर नव्हत्या तेव्हा नाचणारी ‘बाई’ म्हणजे हाच पोऱ्या. पुढे पवळाबाईंसारख्या बायका स्वतः फडावर उभ्या राहिल्या आणि नाच्याकडे उरला तो मुरका आणि विनोद.

हा नाच्या घरोघरी पोचवला तो सिनेमानं, आणि सिनेमात तो पोचवला कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी. तमाशापटांच्या जमान्यात, म्हणजे साधारण १९५० नंतरची दोन-तीन दशकं, नाच्या म्हटलं की गणपत पाटील. आणि त्यांचा तो उद्गार महाराष्ट्रभर गाजला: “आत्ता गं बया!” तुमच्या आजोबांसमोर नुसतं हे तीन शब्दांचं वाक्य म्हणून बघा, ते टाळी मारून नक्कल करून दाखवतील. हे काय आहे? हे ‘अगंबाई’ च कोल्हापुरी वेषात आहे.

लोकांनी त्या उद्गारावर शिट्ट्या मारल्या. आणि त्या उद्गाराची किंमत गणपत पाटलांनी भरली. संसारी, मुलाबाळांचा माणूस. पण लोक पडद्यावरचा नाच्या आणि घरातला माणूस ह्यांत फरक करायला तयार नव्हते. रस्त्यात टवाळी व्हायची, पुरुषपणावर शंका घेतली जायची, त्याची झळ घरच्यांनाही लागली. दुसऱ्या भूमिका फारशा वाट्याला आल्या नाहीत. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘रंग नटेश्वराचे’. २००८ मध्ये ते गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला. अतुल कुलकर्णींनी केलेला तो पैलवान गडी गुणा, जो नाच्या होतो आणि सगळं गमावतो, तो बघून थिएटरात लोक रडले. जिवंत माणसाला चिडवलं आणि पडद्यावरच्या माणसासाठी डोळे पुसले. ह्यावर मी आणखी काही बोलत नाही.

बाईनं म्हटलं तर साधा शब्द, पुरुषानं म्हटलं तर विनोद. आणि एकदा तो विनोद झाला की बाईनं म्हटला तरी त्यात थोडं हसू मिसळतं. मला वाटतं, ‘अगंबाई’ मागे पडायला हे एक कारण आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला मीटिंगमध्ये आश्चर्य वाटलं तर ती ‘अगंबाई’ म्हणणार नाही. का? तर लोक तिला गंभीरपणे घेणार नाहीत ही भीती. ‘अरे बापरे’ चालतं, ‘ओ माय गॉड’ चालतं.

‘अरे’ कडे तर नीट कान द्या. तुमच्या कॉलेजमधल्या मुली एकमेकींना काय म्हणतात? “अरे यार, ऐक ना!” मुलगी मुलीला ‘अरे’ म्हणते. ‘अरे वा!’ आपण सगळे सगळ्यांना म्हणतो, बाईलाही. ‘अगं वा’ क्वचितच ऐकू येतं. म्हणजे पुरुषाला मारायची हाक सगळ्यांची झाली, आणि बाईला मारायची हाक बाईपुरतीच राहिली. असं बऱ्याच भाषांत, बऱ्याच शब्दांचं होतं, आपल्याकडे ते आपल्या डोळ्यांदेखत चाललंय.

दुसरं कारण खुद्द ‘बाई’ ह्या शब्दात आहे. मुक्ताबाई, जनाबाई, जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई. आपल्या इतिहासातली मोठी नावं ‘बाई’ लावून पूर्ण होतात. माझ्या आईच्या पिढीत शाळेतल्या शिक्षिका म्हणजे ‘बाई’. “आमच्या बाईंनी सांगितलंय” म्हटलं की विषय संपला. आता त्या मॅडम झाल्या, मिस झाल्या, टीचर झाल्या. आणि ‘बाई’ कुठे उरली? “आज बाई आली नाही, भांडी तशीच पडलीत.” शब्द तोच, पण तो कामाला येणाऱ्या बाईपुरता उरला, आणि मान गेला. आता तर तिलाही मावशी किंवा ताई म्हणा असं सांगावं लागतं, कारण ‘बाई’ तोंडावर म्हटलं तर तुटक वाटतं. ज्या हाकेत मान होता ती हाकच कुणाला नकोशी झाली, तर तिच्यावर उभा असलेला उद्गार कसा टिकणार?

टिकलाय, पण कुठे? पाट्यांवर. २००४ मध्ये केदार शिंदेंचा ‘अगं बाई अरेच्चा!’ आला. संजय नार्वेकरला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं ती गोष्ट. नाव बघा किती हुशारीचं, आधी बाईचा उद्गार, मग ‘अरेच्चा’. २०१९ मध्ये झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ मालिका आली. त्यात सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावते. म्हणजे नावातलं आश्चर्य कथेतल्या समाजाचं. सासू, आणि लग्न? अग्गंबाई! २०२१ मध्ये पाठोपाठ ‘अग्गंबाई सूनबाई’. आणि २०२३ मध्ये पुन्हा केदार शिंदेच, ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि थिएटरं भरून गटागटानं, साड्या नेसून आलेल्या बायका. त्या गर्दीचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एकीनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं तिसरीला. ‘अगं बाई’ चा मूळ अर्थ ह्याहून वेगळा काय आहे?

आता ‘ओएमजी’ म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाहीये. आणि ते नवं आहे असंही समजू नका बरं का. इंग्रजीत ‘ओएमजी’ ही अक्षरं ब्रिटनच्या नौदलातले अॅडमिरल फिशर ह्यांनी १९१७ मध्ये विन्स्टन चर्चिलना लिहिलेल्या पत्रात सापडतात. म्हणजे तोही शब्द शंभरी ओलांडलेला. जुना-नवा हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की तिथे देवाला बोलावतात. देवाला बोलावणारे शब्द जगात पुष्कळ आहेत, आपल्याकडेही आहेत. शेजारणीला बोलावणारा शब्द मात्र सहज सापडत नाही.

त्यात काय काय मावतं बघा. झटकन म्हटलं, ‘अगंबाई!’, तर आश्चर्य. लांबवलं, ‘अगंऽऽ बाई’, तर “मोठी आलीय शहाणी”. हळू म्हटलं, जवळजवळ श्वासात, तर कुणाची तरी वाईट बातमी आलीय. पहिल्यात हात हनुवटीवर जातो, दुसऱ्यात कंबरेवर, तिसऱ्यात छातीवर. फोनवर आपण ह्यासाठी तीन वेगळे इमोजी शोधतो.

मी तो शब्द परत वापरायला लागलोय का? घरी, हो. मावशीशी फोनवर बोलताना आपोआप येतो. ऑफिसात अजून नाही. आला तर येऊ द्यावा, एवढं ठरवलंय. कुणी हसलं तर त्याला हा भाग पाठवून देईन.

तुमच्यासाठी आजचं काम सोपं आहे. आज घरी आई, आजी, मावशी, शेजारच्या काकू, जे कोणी असेल त्यांना आश्चर्य वाटेल अशी एक बातमी सांगा. खोटी नको, खरीच. आणि तोंडातून पहिला शब्द कुठला बाहेर पडतो तो ऐका. ‘अगंबाई’ निघतं, ‘अगो बाय’ निघतं, ‘बया’ निघतं, ‘अवं माय’ निघतं, की आणखी काही जे मला माहीतच नाही. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि गावाचं नाव सांगून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एखाद्या भागात सगळ्या मिळून ऐकू.

चला, आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या आठवड्यात.